सहा मतांत अडकलेलं नॉर्थसाइड : आयोवा सिटीच्या कौन्सिलला खुलं पत्र

माननीय मेयर आणि सिटी कौन्सिलचे सगळे मेंबर्स,

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्लिश कॉपी तुम्हाला ईमेलनं येईलच. मराठीत लिहितेय ते आयोवा सिटी, कोरलव्हिल, नॉर्थ लिबर्टी आणि पार सीडर रॅपिड्सपर्यंत पसरलेल्या आपल्या मराठी मंडळींनीही वाचावं म्हणून, कारण यातल्या बऱ्याच जणांची इथे घरं आहेत, ते टॅक्स भरतात, मतदान करतात, आणि तरी कौन्सिलची मीटिंग म्हणजे आपलं काम नाही असं समजून मंगळवारी संध्याकाळी घरी बसतात. तेव्हा पत्र तुम्हालाच आहे, पण दार उघडं ठेवून लिहिलंय असं समजा.

विषय नॉर्थसाइड या गावातल्या जुन्या वस्तीतल्या, ईस्ट ब्लूमिंग्टन स्ट्रीटवरच्या त्या विटांच्या बिल्डिंगचा आहे, ३०२ ते ३१६ नंबरची, जिला सगळं गाव पॅग्लियाइज पिझ्झाची बिल्डिंग म्हणून ओळखतं. २०२५ च्या सुरुवातीला तिला लोकल लँडमार्कचा, म्हणजे पाडापाडी अडवणारा सिटीचा वारसा-दर्जा द्यायचा प्रस्ताव तुमच्यासमोर आला, मालकाचा विरोध होता, त्यामुळे सातपैकी सहा मतं लागणार होती आणि ती सहा जमली नाहीत. विषय संपला, पुढचा अजेंडा आयटम. मला मात्र तो संपलाय असं वाटत नाही, आणि नुसत्या या एका बिल्डिंगपुरताही वाटत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहायला घेतलंय. माइकसमोर जी मिनिटं मिळतात त्यात हे मावणारं नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी गिरगावात चाळीत वाढले, इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आले, नंतर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि इथलीच झाले. आता गूजटाउनमध्ये आमचं छोटं घर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गूजटाउन म्हणजे नॉर्थसाइडचाच पूर्वेकडचा भाग, एकोणिसाव्या शतकात बोहेमियाहून आलेली झेक कुटुंबं इथे राहायची आणि घरोघरी बदकांच्या जातीतले ते मोठे गूज पाळायची म्हणून हे नाव. पुढे लहानसं कॉटेज आणि मागे अ‍ॅलीपर्यंत लांबच लांब परसू, भाज्या लावायला, पक्षी सोडायला. माझी मुलगी नॉर्थ जॉन्सन स्ट्रीटवर व्हायोलिन शिकते, प्रुसिल स्कूल ऑफ म्युझिकमध्ये, आणि ते स्कूल ज्या बिल्डिंगमध्ये आहे तो १९०० साली याच झेक लोकांनी त्यांच्या सी.एस.पी.एस. लॉजसाठी बांधलेला हॉल आहे. त्यांचं वर्गणी काढून चालवलेलं मंडळ होतं ते, आजारपणात, मयतीत मदत करणारं, नाटकं बसवणारं, नाचगाणी करणारं. आज तिथे सगळ्या देशांतली पोरं सूर लावतात. म्हणजे जुनी बिल्डिंग राखून पुढे काय करायचं हा प्रश्न विचारायला तुम्हाला लांब जायला नको, त्याच मोहल्ल्यात उत्तर सव्वाशे वर्षं उभं आहे.

आता तक्रारी. क्रमानं सांगते, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि सगळ्यात मोठी. या गावात काय जपायचं हे कोण राहत होतं त्यावरून ठरतं असं मला दिसतं. ओल्ड कॅपिटलबद्दल कोणाचं दुमत नाही, माझंही नाही. आयोवा टेरिटरीची राजधानी म्हणून १८३९ साली गाव आखलं, १८४० च्या ४ जुलैला त्या इमारतीची कोनशिला बसली, जॉन रेग नावाच्या आर्किटेक्टचं डिझाइन, आत तो उलटा वळणारा गोल जिना. १८५७ ला राजधानी डी मॉइनला गेली आणि इमारत युनिव्हर्सिटीला मिळाली. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये दुरुस्तीचं काम चालू असतानाच घुमटाला आग लागली, घुमट गेला, मग नवा घुमट बसवला, सोन्याचा वर्ख चढवला, आणि २००६ मध्ये इमारत परत उघडली. कोणीही तेव्हा म्हटलं नाही की एवढा खर्च कशाला, जागा मोक्याची आहे, सात मजली अपार्टमेंट बांधू. समिट स्ट्रीटवरचे ते प्रोफेसर आणि बँकर लोकांचे मोठे बंगले १९७३ पासून नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक जागांच्या देशपातळीवरच्या यादीत आहेत. ब्राउन स्ट्रीटचा तो विटांचा रस्ता आणि दोन्ही बाजूंची घरं हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. गव्हर्नर लुकसचं १८४४ चं प्लम ग्रोव्ह राज्यानं राखलंय. छान आहे सगळं, पाहुणे आले की मी स्वतः दाखवायला नेते.

पण मजुरांची घरं आली की आपला सूर बदलतो. साउथ ड्युब्यूक स्ट्रीटवर रेल्वेच्या बाजूला सिव्हिल वॉरच्या आसपासच्या काळातली विटांची छोटी कॉटेजेस होती. १८५६ च्या सुरुवातीला रेल्वे या गावात पोचली आणि त्या काळातली साध्या कामकऱ्यांची घरं म्हणजे ती, गावात तशी फार उरलेलीच नव्हती. त्यातल्या एकात जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. २०१४-१५ च्या हिवाळ्यात ती पाडायला सुरुवात झाली, लोक धावपळ करत होते, कोर्टात जात होते, आणि जे व्हायचं ते होऊन गेलं. भिंती कमकुवत आहेत असं कारण होतं. असतील ना कमकुवत. पण दीडशे वर्षं उभ्या असलेल्या भिंती नेमक्या आजूबाजूची जमीन महाग झाल्यावरच कशा कमकुवत होतात, हे मला गिरगावापासून पडलेलं कोडं आहे.

आणि ब्लूमिंग्टन स्ट्रीटची बिल्डिंगही याच जातीची. १८७० च्या दशकातली, बोहेमियन लोकांची, खाली दुकान, वर हॉल. स्वतःचा सी.एस.पी.एस. हॉल व्हायच्या आधी ही मंडळी जमायची ती अशाच जागांमध्ये. इंग्लिश धड न येणारी माणसं, दिवसभर कुठल्या ब्रूअरीत नाहीतर वखारीत काम करून संध्याकाळी आपल्या भाषेत बोलायला, नाचायला, पैशाची नड सांगायला जिथे यायची ती जागा. मीटिंगमध्ये, आणि मीटिंगबाहेर तर जास्तच, एक मुद्दा येतो की बिल्डिंग साधीच आहे, त्यात बघण्यासारखं काय. आमच्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, त्या चाळीच्या कठड्यावरची नक्षी बघायला कोणी जात नाही हो. तिथे काय घडलं म्हणून लोक जातात. तुमच्याच नियमांत लँडमार्कसाठी नुसतं आर्किटेक्चर नाही, इतिहासाशी असलेलं नातंही मोजतात. मग ते मोजा ना.

या गावानं एकदा हे मोजून दाखवलंय म्हणूनच मला बोलायचा धीर होतो. साउथ ड्युब्यूकवरचंच टेट आर्म्स घ्या. १९१४ चं घर, दिसायला अगदी साधं. १९४० पासून एलिझाबेथ आणि ज्युनियस टेट या जोडप्यानं तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना खोल्या भाड्यानं दिल्या, कारण युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमध्ये त्यांना जागा नव्हती, १९४६ ला पाच मुली करियर हॉलमध्ये राहायला गेल्या तेव्हा कुठे ते दार उघडलं. शिकायला या, फी भरा, फुटबॉल खेळा, पण झोपायचं कुठे ते तुमचं तुम्ही बघा, असा तो कारभार होता. मुलींसाठी आयोवा अ‍ॅव्हेन्यूवर ९४२ नंबरचं घर होतं, कृष्णवर्णीय बायकांच्या क्लबांच्या राज्यभरातल्या फेडरेशननं १९१९ मध्ये स्वतः पैसे जमवून विकत घेतलेलं. हा इतिहास मला इथल्या कुठल्याही ओरिएंटेशनमध्ये कोणी सांगितला नाही, मी तो घरांमुळे शिकले. २०१४ मध्ये टेट आर्म्सला लँडमार्क केलंत, त्याबद्दल तेव्हाच्या कौन्सिलचे मनापासून आभार. मला फक्त एवढंच विचारायचंय की तेव्हा जे समजलं होतं ते ब्लूमिंग्टन स्ट्रीटच्या वेळी कुठे गेलं.

दुसरी तक्रार त्या सहा मतांची. आपल्या लोकांसाठी थोडं समजावून सांगते, कारण मलाही हे कळायला वेळ लागला होता. एखादी बिल्डिंग नॅशनल रजिस्टरवर असली म्हणजे वाचली असं आपण समजतो, ते चूक आहे. खाजगी मालकानं स्वतःच्या पैशानं रजिस्टरवरचं घर पाडायचं ठरवलं तर ते रजिस्टर त्याला अडवत नाही. अडवतो तो लोकल दर्जा, कारण तो झोनिंगचा भाग असतो. त्यासाठी अर्ज आधी हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन कमिशनकडे जातो, मग प्लॅनिंग अँड झोनिंगकडे, मग कौन्सिलकडे. आणि झोनिंग म्हटलं की राज्याचा कायदा आला, त्यातलं ४१४.५ कलम, ज्यात बदल होणाऱ्या जागेपैकी वीस टक्क्यांच्या मालकांनी लेखी विरोध केला तर कौन्सिलच्या तीन चतुर्थांश मेंबर्सची मतं लागतात. सातचे तीन चतुर्थांश सव्वापाच, म्हणजे सहा. आता एका बिल्डिंगचा एकच मालक असला तर वीस टक्के काय आणि शंभर टक्के काय, त्याची एक सही पुरते. म्हणजे जिथे धोका खरा आहे, जिथे मालकाला विकायचंय, तिथेच सहा मतं लागणार, आणि जिथे मालक आनंदानं तयार आहे, जिथे तसंही कोणी काही पाडणार नव्हतं, तिथे चार पुरणार.

कायदा राज्याचा आहे हे मला कळतं, तुम्ही तो बदलू शकत नाही. पण अशा वेळी नाही म्हणणाऱ्या मेंबरनं कारण लेखी द्यावं एवढं तर तुमच्या हातात आहे? बिल्डिंग निकषात बसत नाही म्हणून नाही म्हटलंत की बसते पण मालकाला दुखवायचं नाही म्हणून नाही म्हटलंत, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असेल तर आम्ही अर्ज सुधारून आणू. दुसरी असेल तर कमिशनच्या लोकांना, जे पगार न घेता संध्याकाळी बसून ते जाडजूड रिपोर्ट वाचतात, त्यांना उगाच कामाला लावू नका.

मालकाची बाजू मला कळत नाही असं नाही. माणसानं आयुष्यभर धंदा केला, बिल्डिंग सांभाळली, आता म्हातारपणाची पुंजी म्हणून तिच्याकडे बघतोय आणि शेजारी येऊन सांगतात की ही आमचा वारसा आहे. कोणालाही राग येईल. मला स्वतःला कोणी माझ्या घराबद्दल येऊन असं सांगितलं तर मी आधी चहाही विचारणार नाही. म्हणूनच अर्ज विकायची पाटी लागल्यावर येणं हे चूक आहे असं माझं मत आहे, आणि ही चूक शेजाऱ्यांची नाही तर सिटीची आहे, कारण कुठल्या बिल्डिंग महत्त्वाच्या आहेत याचा सर्व्हे शांतपणे, कोणावर पाळी आलेली नसताना करायचा असतो, आणि मालकाला घरी जाऊन सांगायचं असतं की बाबा रे, यात तुझं नुकसान काय आणि फायदा काय. फायदा आहे, बरं का. नॅशनल रजिस्टरवरची, भाडं देणारी बिल्डिंग नीट नियमानं दुरुस्त केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट मिळतं आणि आयोवा राज्याचं त्यावर आणखी २५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे जवळजवळ निम्मा खर्च. हे किती मालकांना वेळेवर कोणी सांगतं?

तिसरी तक्रार, मुद्दाम सडवण्याची. इथे मी स्वतःचं सांगते, नाव कोणाचंच घेणार नाही. विद्यार्थी असताना सुरुवातीची काही वर्षं मी नॉर्थसाइडमध्ये एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. घर देखणं होतं, पुढे पोर्च, उंच खिडक्या, आणि छत गळायचं. मालकाला सांगितलं की बघतो म्हणायचा, एकदा निळी ताडपत्री टाकली, ती वाऱ्यानं अर्धी उडाली ती तशीच. मग प्लास्टर पडलं, मग जिन्याखालचं लाकूड कुजलं, मग आम्ही सगळे भाडेकरू एकेक करून निघालो, आणि मग घर राहण्यालायक नाही असं म्हणून ते पाडलं. आता तिथे बेज रंगाची तीन मजली पेटी आहे, प्रत्येक बेडरूमला वेगळं भाडं. घर म्हातारं होऊन पडलं नाही. गटर साफ करायला जे चारशे-पाचशे डॉलर लागले असते ते वाचवले म्हणून पडलं. आणि हा हिशोब करणारा तो एकटा मालक नव्हता, नॉर्थसाइडमध्ये फिरा, कुठल्या घरांचे पोर्च झुकलेत ते बघा आणि त्यांच्या प्लॉटवर उद्या काय बांधता येईल ते बघा, हिशोब आपोआप लागतो.

तुमच्याकडे भाड्याच्या घरांना परमिट लागतं, इन्स्पेक्शन होतं. स्मोक डिटेक्टर बघतात, खिडकी उघडते का बघतात, चांगलंच आहे. छत, गटर आणि पाया हेही शंभर वर्षांपेक्षा जुन्या घरात तितक्याच कडकपणे बघा, आणि दुरुस्ती सांगितली की ती झाली का ते परत जाऊन बघा. यासाठी नवीन कायदा लागत नाही.

चौथी, युनिव्हर्सिटी. हे रीजंट्सनी, म्हणजे युनिव्हर्सिटी चालवणाऱ्या राज्याच्या बोर्डानं, आणि कॅम्पसच्या ऑफिसनीही वाचावं. युनिव्हर्सिटीच्या मालकीच्या इमारतीवर सिटीच्या कमिशनचा हुकूम चालत नाही, ती राज्याची. ठीक. पण ती गावभर, मोहल्ल्यात शिरून जागा घेते, आणि घेतल्या दिवसापासून त्या जागेचं भवितव्य आम्हाला विचारायची पद्धत नाही. मार्केट स्ट्रीटवरचं ओल्ड ब्रिक चर्च आठवतंय? सिव्हिल वॉरच्या आधी बांधायला घेतलेलं, १९७० च्या दशकात ते पाडून जागा युनिव्हर्सिटीकडे जायचं जवळजवळ ठरलं होतं. लोक भांडले, चर्च वाचलं, आणि त्या भांडणातूनच फ्रेंड्स ऑफ हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ही संस्था उभी राहिली. आज तिथे लग्नं लागतात, मीटिंगा होतात. म्हणजे अडवलं म्हणून कोणाचं वाटोळं झालं नाही.

आणि याच युनिव्हर्सिटीनं चांगलंही करून दाखवलंय म्हणून राग जास्त येतो. इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम, ज्यात १९६७ पासून दीडशेहून जास्त देशांतले लेखक येऊन गेले, आपले दिलीप चित्रेही १९७५ मध्ये आले होते, तो प्रोग्राम आज ज्या शॅम्बॉ हाउसमध्ये आहे ते घर १९०० च्या सुमाराचं, एका पोलिटिकल सायन्सच्या प्रोफेसरांचं. नवीन ऑनर्स सेंटर बांधायला ती जागा हवी होती तेव्हा ते अख्खं घर उचलून क्लिंटन स्ट्रीटवरच पुढे नेऊन ठेवलं. पाडलं नाही, हलवलं. मनात आणलं की जमतं. फ्रँक गेहरी या नामांकित आर्किटेक्टची लॅब बांधायला, तसेच नामांकित स्टीव्हन हॉलच्या दोन-दोन आर्ट बिल्डिंग बांधायला, २००८ च्या पुरात हँचर ऑडिटोरियम गेलं त्याच्या जागी सेझर पेलींच्या फर्मकडून नवं हँचर उभारायला ज्यांच्याकडे डोकं आणि पैसा दोन्ही आहे त्यांना एखादं विटांचं घर कसं राखायचं हे सुचत नाही यावर माझा विश्वास बसत नाही.

पाचवी तक्रार छोटी आहे, पण मला टोचते. २००८ मध्ये युनेस्कोनं आपल्याला सिटी ऑफ लिटरेचर केलं, जगातलं तिसरं शहर, एडिनबरा आणि मेलबर्ननंतर. आयोवा अ‍ॅव्हेन्यूच्या फुटपाथवर लेखकांची वाक्यं ब्राँझमध्ये बसवलीत. चालताना वाचायला मजा येते. पण ते लेखक राहिले कुठे? नॉर्थसाइडच्या स्वस्त खोल्यांमध्ये, कोणाच्या तरी माडीवर, तळघरात, जुनाट घरांच्या मागच्या पोर्शनमध्ये. लेखक ब्राँझमध्ये राहत नाहीत, सहाशे डॉलरच्या खोलीत राहतात, आणि ती खोली नव्या बिल्डिंगमध्ये नसते.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. सुमारे ७५ हजारांचं गाव, त्यात तीस हजारांच्या वर विद्यार्थी, घरं कमी, भाडी वाढतायत, आणि तुम्ही लोक म्हणता काही बांधू नका. नाही, मी तसं म्हणत नाही. हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टच्या नावाखाली स्वतःच्या गल्लीत अपार्टमेंट येऊ न देणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या बाजूनं मी नाही. साउथ साइडला, रिव्हरफ्रंट क्रॉसिंग्जमध्ये उंच बांधा, बस वाढवा, रिकामे पार्किंग लॉट आहेत त्यावर बांधा. डाउनटाउनमध्ये जुनं सपाट करून नवं बांधल्यानं भलं होतं हा प्रयोग या गावानं आधी एकदा केलाय. साठ-सत्तरच्या दशकात अर्बन रिन्यूअलच्या नावानं डाउनटाउनचे ब्लॉकच्या ब्लॉक साफ केले, वर्षानुवर्षं तिथे नुसते खड्डे आणि पार्किंग होतं, १९८१ मध्ये ओल्ड कॅपिटल मॉल उघडला, आणि पुढे कोरलव्हिलला मोठा मॉल झाल्यावर हा रिकामा पडत गेला आणि युनिव्हर्सिटीनं त्यात ऑफिसं थाटली. त्या वेळी जे मूठभर वाचलं, १८७८ चा कॉलेज ब्लॉक किंवा जुनं पोस्ट ऑफिस ज्यात आता सीनियर सेंटर आहे, तिथे आजही माणसं असतात. आणि २०२१ मध्ये त्याच उरलेल्या डाउनटाउनला नॅशनल रजिस्टरवर डिस्ट्रिक्ट म्हणून घेतलं. बरंच काही पाडून झाल्यावर. असो.

तर मागण्या. या मात्र सरळ लिहिते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई नुसत्या बोलून गेल्या.

एक. नॉर्थसाइड आणि गूजटाउनमधल्या कामकरी, स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय लोकांच्या इतिहासाशी जोडलेल्या बिल्डिंगांचा सर्व्हे करा, आत्ता, कुठलाही सौदा चालू नसताना. यादी जाहीर करा आणि प्रत्येक मालकाकडे सिटीचा माणूस टॅक्स क्रेडिटची माहिती घेऊन जाऊ दे.

दोन. ब्लूमिंग्टन स्ट्रीटच्या बिल्डिंगचा विषय मालकाशी बोलून परत उघडा. या वेळी नुसता दर्जा देऊ नका, त्याच्या बदल्यात काय देणार ते आधी ठरवा. रिव्हरफ्रंट क्रॉसिंग्जच्या नियमांत ऐतिहासिक बिल्डिंग राखली तर तिथले बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरायची सोय आहे. मुंबईकराला टीडीआर काय असतो ते समजावून सांगायची गरज नाही, आणि त्याचा बट्ट्याबोळ कसा होतो तेही आम्ही पाहिलंय, त्यामुळे हक्क कुठे वापरायचे त्याची हद्द आखून द्या, पण नॉर्थसाइडलाही ही सोय द्या. मग मालकाचं नुकसान होतंय हे कारण उरणार नाही.

तीन. सहा मतांची अट लागू झाली की विरोधात मत देणाऱ्यानं कारण लेखी द्यायचं, रेकॉर्डवर. आणि ४१४.५ मधली अट एकट्या मालकाच्या लँडमार्कला अशी लागू होऊ नये म्हणून डी मॉइनमधल्या आपल्या आमदारांना कौन्सिलचा ठराव पाठवा. तिथे तो पडून राहील, माहीत आहे मला, तरी पाठवा.

चार. भाड्याच्या जुन्या घरांच्या इन्स्पेक्शनमध्ये छत, गटर, पाया आणि पोर्च घाला, दंड खरोखर वसूल करा, आणि प्रिझर्व्हेशन फंडात पैसे वाढवा, म्हणजे ज्या म्हाताऱ्या जोडप्याकडे खरंच पैसे नाहीत त्यांना दंडाच्या आधी मदत मिळेल. मुद्दाम सडवणारा आणि न परवडणारा यातला फरक इन्स्पेक्टरला पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

पाच. युनिव्हर्सिटीशी लेखी करार करा. पन्नास वर्षांपेक्षा जुनी कुठलीही बिल्डिंग पाडायच्या किमान सहा महिने आधी जाहीर नोटीस, एक पब्लिक मीटिंग, आणि हलवता येईल का याचा रिपोर्ट. कायद्यानं त्यांच्यावर बंधन नसेल, शेजारधर्मानं आहे.

मराठी मंडळींना एवढंच, की कौन्सिलच्या मीटिंगा ईस्ट वॉशिंग्टन स्ट्रीटवर सिटी हॉलमध्ये होतात, बोलायला सिटिझन असायची अट नाही, आणि अ‍ॅक्सेंटवरून मला तरी आजपर्यंत तिथे कोणी काही म्हटलेलं नाही. ज्यांची भाड्याची घरं आहेत, आणि तुमच्यातल्या काहींची आहेत हे मला माहीत आहे, त्यांनी मागणी क्रमांक चार आधी वाचावी.

मेयर आणि मेंबर्स, उत्तर लेखी आणि मुद्देवार दिलंत तर बरं. आधीच्या दोन ईमेलना "तुमच्या मताची नोंद घेतली आहे" एवढंच उत्तर आलं होतं, ते पुरेसं नाही. जे जमणार नाही ते जमणार नाही असं सांगा, आणि का ते सांगा.

कळावे,
गूजटाउनमधली एक रहिवासी, मतदार आणि टॅक्सपेयर
आयोवा सिटी, आयोवा